कागदाची कड

बारकीचं पत्र येऊन बरेच आठवडे झाले होते आणि नकाशेमास्तरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं होतं अशातला भाग नाही. ते त्यांच्या वाचनातल्या जाडजूड पुस्तकात खूण म्हणून घातलेलं होतं, आणि तेव्हापासून ते पुस्तक पानभरही पुढे सरकलं नव्हतं. रोज दुपारी मास्तर पुस्तक उघडायचे, पत्र काढून वाचायचे, त्याच पानात परत ठेवायचे आणि डोळे दुखतात असं सांगून पुस्तक मिटायचे.

बारकी म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी अंगानं काडी होती म्हणून बारकी. आता ती दारातून आत आली की खोलीतला उजेड कमी होतो, तरी नाव तेच राहिलं. लिफ्ट बनवणाऱ्या आणि त्या दुरुस्त करणाऱ्या एका मोठ्या कंपनीत ती कामाला होती. मास्तरांनीही आपली उभी हयात त्याच कंपनीत काढली होती. तिनं लिहिलं होतं:

‘मामा, कंपनीचे दोन तुकडे होणार आहेत. लिफ्ट बनवणारी कंपनी वेगळी, दुरुस्ती करणारी वेगळी, आणि दुरुस्तीवाली विकायची. कुठे तोडायचं ते तुझ्या नकाशावरून ठरलंय. नकाशाच्या मधोमध उभी रेघ आहे ना, तिथे. ती रेघ माझ्या खोलीतून जाते. ती रेघ म्हणजे नेमकी काय आहे ते तू एका कागदावर लिही, खाली सही कर आणि मला पाठव. फोन करू नकोस. लेखी आलं तर संचालक मंडळापुढे ठेवावंच लागतं. तोंडी आलं तर लोक चहाबरोबर पिऊन टाकतात.’

एवढंच. उत्तर द्यायला अवघड असं त्यात काही नव्हतं.

हा नकाशा इमारतीचा नव्हे, कारभाराचा होता. मोठ्या कंपनीत कुणाचं काम कुणावाचून अडतं हे कुणालाच धड ठाऊक नसतं. ज्याला त्याला आपलं टेबल दिसतं, फार तर शेजारचं. मग एखादी लिफ्ट उशिरा गेली, एखादी तक्रार गोल फिरून परत आली, की सगळे एकमेकांकडे बोटं दाखवतात. तेव्हाचे मोठे साहेब या बोटांना कंटाळले आणि एक दिवस मास्तरांना म्हणाले, ‘तुम्ही नाहीतरी कुणाशी भांडत नाही. सगळ्यांकडे जा, आणि ही कंपनी मला एकदा कागदावर काढून दाखवा.’

मास्तर गेले. विचारायला लाज वाटायची, म्हणून प्रत्येक दाराबाहेर उभं राहून प्रश्न आधी मनात घोकायचे. तुमच्याकडे काम कुठून येतं, तुम्ही त्याचं काय करता, मग ते कुणाकडे जातं. प्रत्येक कामाची एक चौकट, प्रत्येक देण्याघेण्याचा एक बाण. मागणी नोंदवणाऱ्यापासून कारखान्यापर्यंत, कारखान्यापासून लिफ्ट बसवणाऱ्यापर्यंत, आणि तिथून पुढे दुरुस्तीपर्यंत. नकाशाच्या तळाशी मधोमध काढलेली शेवटची चौकट त्यांच्या सगळ्यांत आवडीची होती: परतीची खोली. बिघडलेला, झिजलेला भाग तिथे परत यायचा. तो उघडायचा, आत काय झालंय ते पाहायचं, आणि कारखान्याला सांगायचं. त्या चौकटीतून निघालेला बाण साऱ्या नकाशाला वळसा घालून पुन्हा पहिल्या टोकाला जायचा. कंपनीला स्वतःची चूक कळण्याची तेवढी एकच वाट होती.

नकाशा झाला आणि लोकांनी त्यांचं नाव नकाशेमास्तर ठेवलं. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. पुढे त्या नकाशाचा एक अख्खा रचना विभागच झाला. नवं यंत्र घ्यायचं, नवी माणसं घ्यायची, नवा संगणक घ्यायचा, की लोक आधी नकाशा बघायचे.

आता ती रेघ. मास्तरांच्या आठवणीत ती रेघ म्हणजे कागदाची कड होती. तेव्हाच्या छपाई यंत्रात तेवढा रुंद कागद मावत नव्हता, म्हणून नकाशा दोन कागदांवर छापून मधे चिकटपट्टीनं जोडला होता. असं त्यांना वाटत होतं. आणि या ‘वाटत होतं’पाशीच घोडं अडलं होतं. मास्तर घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायचे आणि कुलूप लावलं की नाही ते पाहायला परत यायचे. अशा माणसाचा आपल्या आठवणीवर कितीसा भरवसा असणार?

शिवाय दुसरी एक गोष्ट होती, जी त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. कंपनीच्या वर्धापनदिनाच्या पुस्तिकेत त्या रेघेवर एक परिच्छेद आला होता. ‘निर्मिती आणि सेवा या दोन जगांमधली सीमा नकाशाकारांनी त्या काळीच ओळखली होती,’ असं त्यात छापलं होतं. आयुष्यभरात मास्तरांबद्दल छापून आलेले चांगले शब्द तेवढेच. ते त्यांनी इतक्या वेळा वाचले होते की हळूहळू त्यांना वाटायला लागलं होतं, असेलही. आपल्यालाच नकळत आपण काही ओळखलं असेल.

“अहो, त्या पोरीला उत्तर लिहिलंत का?” बायको विचारायची.

“लिहितोय.”

“लिहिताय की खोडताय?”

यावर मास्तर पुन्हा पुस्तक उघडायचे.

मग कंपनीतून फोन आला. फोनवर रचना विभागाचा आताचा प्रमुख होता. हा मास्तरांच्याच हाताखाली तयार झालेला. तेव्हा तो दिसेल त्या गोष्टीभोवती चौकट काढायचा, म्हणून सगळे त्याला चौकोन म्हणायचे. आता चौकोनसाहेब म्हणतात. नव्या रचनेचा समारंभ आहे, दालनात तुमचा नकाशा काचेवर कोरून लावलाय, तुमचा सत्कार करायचाय, सर, नाही म्हणू नका. मास्तरांना नाही म्हणता येत नसे. ते हो म्हणाले.

“वा,” बायको म्हणाली. “भाचीच्या पत्राला उत्तर नाही, आणि सत्काराला एका फोनवर होकार. मीही तुम्हाला जेवणाचं विचारायला पुढच्या वेळी समारंभच ठेवते.”

ठरल्या दिवशी मास्तर नेहमीसारखे फार लवकर पोचले. दालनात खुर्च्या मांडणं चाललं होतं. रिकाम्या खुर्च्यांत एकटं बसण्याची कल्पना त्यांना सोसवेना, म्हणून मागच्या दारानं ते कार्यशाळेकडे वळले. वंगणाचा वास तोच होता. परतीच्या खोलीच्या दाराशी आल्यावर मात्र ते थबकले.

खोलीच्या मधोमध अ‍ॅल्युमिनियमची चौकट उभी होती. काच अजून बसलेली नव्हती, पण जमिनीपासून छतापर्यंत खांब ठोकून झाले होते. आणि हे खांब लांबलचक तपासणीच्या टेबलावरून सरळ आरपार गेले होते. टेबलाचा फळा तेवढ्यापुरता कापलेला. एका बाजूला ब्रेक उघडायचं यंत्र आणि भिंग. दुसऱ्या बाजूला जुन्या नमुन्यांचं कपाट आणि कारखान्याकडे जाणारं दार.

खांबाशी वाकून एक माणूस फीत लावून मोजत होता. काच बसवणारा असावा. मास्तरांकडे न बघताच तो म्हणाला, “या, या, इकडून या. तिकडे पाय ठेवलात तर दुसऱ्या कंपनीत जाल.”

“हे टेबल का कापलं?” मास्तरांनी विचारलं.

“मला काय माहीत? रेघ आली कागदावर, उघडायचं काम इकडे, कळवायचं तिकडे. मी म्हटलं, हातभर सरकवा, टेबल वाचेल. तर नाही. म्हणे नकाशा आहे. कोण शहाणा टेबलाच्या पोटातून रेघ काढतो देव जाणे.”

“हे काय, तुमच्यासमोरच उभे आहेत,” आतून आवाज आला. बारकी भिंगामागून उठली. हात वंगणानं काळे, कपाळावर एक काळा पट्टा. “मामा, पत्र मिळालं का?”

“मिळालं.”

“बरं.”

नुसतं ‘बरं’. ओरडली असती तर बरं झालं असतं. काचवाल्यानं त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ओशाळून फीत गुंडाळायला घेतली.

“मी लिहीत होतो,” मास्तर म्हणाले. “पण मला खात्री...”

“तुला खात्री नव्हती. ठाऊक आहे मला.” बारकीनं टेबलावरचा एक जड गोल भाग उचलून त्यांच्या हातात दिला. “हे बघ. हा ब्रेक एका लिफ्टमधून आलाय. दवाखान्याची लिफ्ट. वरून ठणठणीत. आतली स्प्रिंग बघ.”

मास्तरांनी भिंगाखाली पाहिलं. स्प्रिंगवर केसाएवढी चीर होती.

“हे दिसलं की मी काय करते? हात पुसते, त्या दारानं कारखान्यात जाते, स्प्रिंग बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर धरते. तो शिव्या देतो, मी शिव्या देते, आणि संध्याकाळपर्यंत त्या खेपेच्या सगळ्या स्प्रिंगा बाजूला होतात. आता काच बसल्यावर? उघडणार आणि बघणार मी, या कंपनीत. सांगणार कोण, तर त्या कंपनीतला कुणीतरी, ज्यानं हे पाहिलेलंच नाही. मधे काच. आणि माझ्या हातात ही चीर.”

“पण त्यांनी काही सोय...”

“मामा, मी सोय विचारत नाही तुला. मी विचारलं होतं, ही रेघ काय आहे. एका ओळीचं उत्तर होतं. तू मला लहानपणी पाढे चुकले म्हणून पानभर पत्र लिहायचास.”

मास्तरांनी ब्रेक अलगद टेबलावर ठेवला. काचवाल्यानं घसा खाकरला. “काच पुढच्या आठवड्यात येणार आहे, ताई. मंडळाच्या सह्या झाल्या की. तोवर ये-जा करा तुम्ही.”

“ऐकलंस?” बारकी म्हणाली आणि परत भिंगापाशी जाऊन बसली. “जा, तुझा सत्कार चुकेल.”

मास्तर दालनात परतले तेव्हा त्यांचे कान तापले होते. राग येत होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं, आणि जो राग कुणाचा ते कळत नाही तो मास्तर नेहमी स्वतःच्या नावावर जमा करून घेत. समोरच्या भिंतीवर ती काच होती. चांगली दोन पुरुष उंच. नकाशाचा डावा भाग निळ्या रंगात, उजवा नारिंगी, आणि मधे तळहाताएवढी मोकळी पट्टी. खाली कोपऱ्यात मास्तरांचं पूर्ण नाव, मोठ्या अक्षरांत. क्षणभर त्यांना बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. मग ते जवळ गेले. सवयीनं त्यांचं बोट एकेका बाणावरून फिरू लागलं, आणि मोकळ्या पट्टीपाशी येऊन थांबलं.

परतीच्या खोलीची चौकट दोन्हीकडे होती. अर्धी निळी, अर्धी नारिंगी. निळ्या अर्ध्यात लिहिलं होतं, ‘उघडणे, पाहणे’. नारिंगी अर्ध्यात, ‘कारखान्याला सांगणे’. निळ्या अर्ध्याला उजवी बाजू नव्हती. नारिंगीला डावी नव्हती. आडव्या रेघा पट्टीपर्यंत येऊन नुसत्याच तुटल्या होत्या, कात्रीनं कापलेल्या दोऱ्यासारख्या.

मास्तर तिथेच उभे राहिले. त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट सगळ्यांना ठासून शिकवली होती: चौकट फोडायची नाही. चौकट म्हणजे एकाच हातानं, एकाच डोक्यानं करायचं काम. बाण कुठेही न्या, वळवा, पण चौकटीच्या आतून रेघ नेऊ नका. इतर कशाचीही शंका त्यांना आली असती, पण स्वतः सीमा आखायची आणि ती चौकटीतून न्यायची, हे त्यांच्या हातून झोपेतही झालं नसतं. कागद संपला होता. कागद संपला म्हणूनच चौकट तुटली होती. इतके आठवडे पुस्तकात जे सापडत नव्हतं ते इथे दोन पुरुष उंच कोरून ठेवलं होतं.

आणि त्याच क्षणी दुसरी गोष्ट त्यांना आठवली. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“सर, पोचलात. कशी वाटली काच?” मागून चौकोन आला. कोट, हातात ध्वनिक्षेपकाची वायर, चेहऱ्यावर घाई.

“ही चौकट फुटलीय.”

“कुठली?” चौकोननं पाहिलं, आणि ज्या वेगानं नजर काढून घेतली त्यावरूनच मास्तरांना कळलं. “हां, ती. ते कोरताना जरा...”

“चिकटपट्टी कुणी काढली?”

“कसली चिकटपट्टी, सर?”

“दोन कागद जोडलेले होते. तू आणि मी जमिनीवर बसून जोडले होते. तुझी पट्टी तिरपी गेली म्हणून मी परत लावायला लावली. ती काढली कुणी?”

चौकोननं आजूबाजूला पाहिलं. लोक यायला लागले होते. “मीच काढली,” तो हळू आवाजात म्हणाला. “नकाशा संगणकात घ्यायचा होता तेव्हा. यंत्रात एका वेळी एकच कागद जायचा. आत दोन वेगळे नकाशे गेले. मग ते तसेच शेजारी शेजारी राहिले, मधे रेघ.”

“म्हणजे तुला ठाऊक आहे.”

“सर, हळू बोला.”

“मी हळूच बोलतोय. तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.”

चौकोननं त्यांचा दंड धरून त्यांना खांबाआड नेलं. “ऐका. विकत घेणाऱ्यांना रेघ हवी होती. कुठेतरी तोडायचंच होतं. मी जिथे रेघ मारीन तिथे कुणीतरी उठून उभं राहायचं. माझी माणसं तिकडे का, माझं यंत्र इकडे का. नुसतं रण माजलं होतं. मग कुणीतरी तुमचा नकाशा उघडला. त्यात रेघ होतीच. सगळे गप्प झाले. सरांची रेघ म्हटल्यावर कोण काय बोलणार? तुमच्याबद्दल कुणाच्या मनात काही नाही ना, सर. तुम्ही कधी कुणाशी भांडलाच नाहीत.”

हे तो मस्का लावायला म्हणाला नव्हता. मनापासून म्हणाला होता, आणि म्हणूनच ते मास्तरांना थोबाडीत बसल्यासारखं लागलं. जन्मभर ज्या गोष्टीला ते आपला चांगुलपणा समजत आले होते, ती यांना पाय ठेवायला पायरी म्हणून बरी सापडली होती.

“आणि परतीची खोली?”

“तिचा करार होईल. काही सापडलं तर ही कंपनी त्या कंपनीला रीतसर कळवेल. वकिलांकडून तपासून.”

“तोवर लिफ्ट चालू?”

“सर, तुम्ही भावनेनं बघताय. भाची आहे म्हणून.”

“माझा हात सोड,” मास्तर म्हणाले.

समारंभ सुरू झाला. संचालकबाई बोलल्या. बाई हुशार होत्या, बोलणं आटोपशीर होतं. नकाशातली सगळ्यांत देखणी गोष्ट म्हणजे ही मधली रेघ, असं त्या म्हणाल्या. मग मास्तरांना पुढे बोलावलं, फुलांचा गुच्छ दिला, आणि दोन शब्द बोला म्हणाल्या. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मास्तर शब्द आधी मनात घोकत. आज त्यांनी काहीच घोकलं नव्हतं.

“ही रेघ मी काढलेली नाही,” ते म्हणाले. “कागद संपला होता.”

दालनात हशा पिकला.

मास्तर गोंधळले. “खरंच संपला होता. यंत्र लहान होतं. आम्ही चिकटपट्टी लावली.”

हशा आणखी वाढला. पहिल्या रांगेत कुणीतरी टाळी दिली. मागून कुणीतरी म्हणालं, “याला म्हणतात मोठेपणा.” मास्तर ‘हसू नका’ म्हणणार होते, पण टाळ्या सुरू झाल्या आणि त्यात त्यांचा बारीक आवाज बुडून गेला. संचालकबाईंनी हसत त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना खुर्चीकडे वळवलं. “किती साधे आहात हो तुम्ही,” त्या म्हणाल्या.

मास्तर बसले नाहीत. खुर्चीवर गुच्छ ठेवला आणि चालायला लागले. दाराशी त्यांनी मागे वळून पाहिलं. लोक अजून हसत होते. जन्मात पहिल्यांदा त्यांनी भर सभेत एक वाक्य ‘बहुतेक’ न लावता उच्चारलं होतं, आणि त्याचा विनोद झाला होता. तोंडी आलं तर चहाबरोबर पिऊन टाकतात, हे बारकीनं लिहून कळवलं होतंच की. बाहेर चहाचे पेले मांडून तयारच होते.

घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या त्या एकमेकींपासून लांब जाऊन पडल्या. बायकोनं चपलांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“सत्कार झाला?”

“झाला. नीट झाला. कागद दे.”

“जेवून घ्या आधी.”

“कागद दे म्हटलं ना.”

इतक्या वर्षांत या सुरात त्यांनी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. ती कागद आणि पेन घेऊन आली, आणि शेजारी खुर्ची ओढून बसली. पहिला मसुदा तिनं वाचला.

“हे ‘बहुधा’ कोण?” तिनं विचारलं. “इथेही आहे, इथेही आहे, खाली पुन्हा आहे. या बाईंना कशाला आणलंत मधे?”

मास्तरांनी पाहिलं. राग एवढा, तरी हातानं आपली सवय सोडली नव्हती. “आणि हे ‘चूकभूल क्षमस्व’?” बायको म्हणाली. “चूक त्यांची, भूल त्यांची, आणि क्षमा तुम्ही मागताय?”

“दुसरा कागद दे.”

“घ्या. आणि मला दटावलंत तसं लिहा. मघाशी कागद मागितलात ना, त्या आवाजात.”

मास्तरांनी दुसरा कागद घेतला. या वेळी पेन थांबलं नाही.

‘संचालक मंडळ यांस. कंपनीच्या कारभाराच्या नकाशावर माझं नाव आहे म्हणून हे लिहीत आहे. नकाशाच्या मधली उभी रेघ मी काढलेली नाही. ती कागदाची कड आहे. त्या वेळच्या यंत्रात याहून रुंद कागद मावत नव्हता, म्हणून नकाशा दोन कागदांवर छापून चिकटपट्टीनं जोडला होता. ती पट्टी ज्यानं लावली आणि पुढे काढली तो आज तुमच्या रचना विभागाचा प्रमुख आहे. त्याला मंडळापुढे उभं करून विचारा.

परतीची खोली ही एक चौकट आहे, दोन नाहीत. जो भाग उघडतो आणि पाहतो, त्यानंच कारखान्याला सांगायचं, आणि त्याच दिवशी सांगायचं, यासाठी ती चौकट आहे. ती फोडली तर ब्रेकमधली चीर एका कंपनीला दिसेल आणि ब्रेक दुसरी कंपनी बनवत राहील. मधल्या काळात लिफ्टमध्ये माणसं असतील.

कंपनी तोडायची की नाही, आणि कुठे तोडायची, ते तुम्ही ठरवा. पण ते स्वतःच्या नावावर ठरवा, माझ्या नाही. ही रेघ ठेवणार असाल तर काचेवरून माझं नाव खरवडून काढा.

हेच मी समारंभात बोललो होतो. तो विनोद नव्हता.’

खाली त्यांनी पूर्ण सही केली. एरवी त्यांची सही मुंगी चालत गेल्यासारखी असायची. बायकोनं पत्र वाचलं, शेवटच्या ओळीपाशी थांबली. “हसले का लोक?” तिनं विचारलं.

“पोट धरून.”

ती उठली आणि आतून पाकीट घेऊन आली. मास्तरांनी वेगळ्या चिठोऱ्यावर लिहिलं, ‘बारके, उशीर झाला. सोबतचा कागद मंडळापुढे ठेव. मामा,’ आणि दोन्ही पाकिटात घालून बंद केलं. मग पुस्तकातून बारकीचं पत्र काढून खिशात टाकलं. पुस्तकात खूण राहिली नाही. कुठवर वाचलं होतं ते नाहीतरी त्यांना आठवत नव्हतं.

सकाळी टपाल कचेरी उघडली तेव्हा ते दाराशी उभे होते. आज लवकर आल्याबद्दल त्यांना लाज वाटत नव्हती. खिडकीमागच्या बाईंनी पाकीट काट्यावर ठेवलं.

“साधं पाठवायचं की तातडीचं?”

“तातडीचं.”

“आत मोडण्यासारखं काही?”

मास्तर जरा घुटमळले. “तेवढ्यासाठीच तर पाठवतोय,” ते म्हणाले. “मोडू नये म्हणून.”

बाईंना अर्थबोध झाला नाही. त्यांनी विचारलंही नाही. पत्ता वाचून पाहिला, शिक्का उचलला आणि दाणकन मारला. “पाठवणाऱ्याचं नाव राहिलंय, काका.”

“द्या,” मास्तर म्हणाले. त्यांनी मागच्या बाजूला आपलं पूर्ण नाव लिहिलं, काचेवर कोरलं होतं तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, आणि पाकीट खिडकीच्या आत सारलं. बाईंनी ते मागच्या पिशवीत टाकलं.

कोपऱ्यापर्यंत गेल्यावर मास्तरांचे पाय सवयीनं मंदावले. पाकीट नीट चिकटवलं होतं ना, पत्ता बरोबर होता ना. ते क्षणभर तसेच उभे राहिले, आणि मग मागे न बघता घराकडे चालू लागले.